कुबेर, कूबर आणि सुकाणू

आमच्या ऑफिसात त्याला सगळे कुबेरच म्हणतात. ‘कुबेरावर टाकलंस का?’, ‘कुबेर सकाळपासून रुसलाय’ ही रोजची वाक्यं. खरं नाव कुबरनेटीस, आमचे सर्व्हर सांभाळणारी संगणकप्रणाली. ते घाईच्या जिभेला झेपत नाही म्हणून जगानं त्याचं ‘के-एट-एस’ केलं: पहिलं अक्षर के, शेवटचं एस, मधली आठ गिळलेली. क्लाउडचं महिन्याचं बिल पाहिलं की मला आमचंच बारसं जास्त पटतं. कुबेराशिवाय ते भरणार कोण?

एका निवांत दुपारी या विनोदाचा कीस पाडायला म्हणून मी संस्कृत कोश उघडला. कुबेराची व्युत्पत्ती जुनीच, ‘कुत्सित बेर’, म्हणजे बेढब शरीराचा. पण पान उलटताना त्याच्या शेजाऱ्यावर नजर अडली: कूबर. आणि मी जो अडकलो तो अजून सुटलेलो नाही.

आधी सर्वांना ठाऊक असलेलं उरकतो. हजारो सर्व्हरवर हजारो प्रोग्रॅम वाटून देणारी ‘बोर्ग’ नावाची अंतर्गत यंत्रणा गूगलकडे २००३-०४च्या सुमारापासून होती. २०१३ साली डॉकर आलं. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बंद करणं त्यानं सोपं केलं. डॉकर म्हणजे गोदी कामगार. त्याच्या बोधचिन्हात पाठीवर कंटेनर लादलेला देवमासा. हे असंख्य डबे सांभाळायला जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅक्लकी यांनी गूगलमध्ये नवी मुक्तस्रोत प्रणाली उभी केली, तीच कुबरनेटीस. जून २०१४मध्ये ती जगापुढे आली, जुलै २०१५मध्ये १.० झाली. घरातलं नाव होतं ‘प्रोजेक्ट सेव्हन’. बोर्ग हे ‘स्टार ट्रेक’मधलं नाव आणि ‘सेव्हन ऑफ नाइन’ ही त्या मालिकेतली बोर्गांच्या तावडीतून सुटलेली बाई. बोधचिन्हातल्या सुकाणूचक्राला सात आरे आहेत ते तिच्या आठवणीनं.

बाहेरचं नाव मात्र ग्रीक. अधिकृत माहितीत अर्थ एका ओळीत दिलाय: सुकाणू धरणारा किंवा पायलट. गोदी कामगार, कंटेनर, देवमासा, मग जहाज हाकणारा. सागरी उपमांची माळ पुरी झाली, असं समजून सगळे पुढे जातात. मला ते पटत नाही.

ग्रीकमध्ये ‘कुबेरनेतेस’ म्हणजे सुकाणी. प्लेटोच्या संवादांत तो वारंवार भेटतो. राज्य कुणी चालवावं हे सांगायला प्लेटोला जहाजाचा सुकाणीच लागतो. लॅटिननं हा शब्द उचलला आणि ‘गुबेरनारे’ केला. इथं पहिली फट. क चा ग का झाला? काही जण मध्ये इट्रुस्कन भाषा घालतात. पण इट्रुस्कनमध्ये ग आणि ब हे ध्वनीच नव्हते; तिच्या तोंडून गेलेला शब्द ‘गुबेर’ होऊन बाहेर कसा पडेल? मला वाटतं, खलाशांच्या तोंडी शब्द झिजतात तसा तो बंदरात झिजला. लॅटिनमधून पुढे गव्हर्नर. गोव्याला तो सोळाव्या शतकातच पोर्तुगीज ‘गव्हर्नादोर’ होऊन येऊन बसला. मुंबईला इंग्रजांबरोबर आला आणि आजही राज्यपालांच्या निवासात आणि रिझर्व्ह बँकेत नांदतोय.

पण मला हवा असलेला गव्हर्नर लोखंडाचा आहे. १७८८ साली जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनावर फिरत्या दांड्यांना दोन गोळे टांगले. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जात, त्यांच्याबरोबर झडप मिटू लागे, वाफ कमी होई. वेग घटला की गोळे खाली आणि झडप उघडी. कल्पना पवनचक्क्यांवरून उचललेली. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं या गव्हर्नरांचं गणित मांडलं. १९४७ साली नॉर्बर्ट वीनरला यंत्रं आणि प्राणी यांच्या नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला नाव हवं होतं. त्यानं मॅक्सवेलचा मान राखायचा म्हणून गव्हर्नरचं मूळ धुंडाळलं आणि कुबेरनेतेसवरून ‘सायबरनेटिक्स’ केलं. हाच शब्द आम्पेअरनं शंभरेक वर्षं आधी राज्यशास्त्रासाठी वापरला होता, हे वीनरला नंतर कळलं.

आता कुबरनेटीस आत काय करतं ते पाहा. तुम्ही फाइलीत लिहिता, ‘या प्रोग्रॅमच्या तीन प्रती हव्यात.’ ते मोजतं: दोनच आहेत. एक उभी करतं. पुन्हा मोजतं. रात्री अडीचला एक सर्व्हर मेला की त्यावरच्या प्रती दुसरीकडे उभ्या करतं. तुम्ही झोपलेले असता. हवी ती स्थिती, असलेली स्थिती, दोहोंतलं अंतर आणि ते मिटवायची धडपड. हे वॉटचे गोळेच की! कुबरनेटीसच्या अधिकृत माहितीत कंट्रोलरचा खुलासा रोबॉटिक्सपासून सुरू होतो आणि उदाहरण येतं खोलीतल्या थर्मोस्टॅटचं. ब्रेंडन बर्न्स यांनी पीएच.डी.चं काम रोबॉटिक्समध्येच केलेलं. नाव जहाजावरून ठेवलं असेल, ते नाकारत नाही; पण ते बरोबर बसलं ते वीनरच्या घराण्यात.

आता कूबर. रथाचा जो दांडा पुढे जाऊन जुवाला मिळतो, तो कूबर. अमरकोशात त्याचा समानार्थी शब्द आहे युगंधर, जू धरणारा. शिवाजी सावंतांची ‘युगंधर’ वाचताना तो शब्द मूळचा रथाचा एक भाग आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि कादंबरी कुणावर, तर अर्जुनाचा रथ हाकणाऱ्यावर!

ग्रीक कुबेरनेतेस आणि संस्कृत कूबर यांना भाऊ ठरवायचा प्रयत्न जुन्या भाषाशास्त्रज्ञांनी केलेला आहे. सोबतीला लिथुआनियन ‘कुम्ब्रास’, सुकाणूची वाकडी मूठ. विरुद्ध बाजू तगडी आहे. डच पंडित रॉबर्ट बीकस म्हणतो, हा शब्द ग्रीकांच्याही आधी तिथं राहणाऱ्यांचा. पुरावा असा की सायप्रसच्या बोलीत त्यात ब च्या जागी म येतो, आणि अशी अदलाबदल परक्या शब्दांत होते. समुद्राला ग्रीकमध्ये ‘थालासा’ म्हणतात, तोही असाच उसना मानतात. समुद्रच ज्यांनी उशिरा पाहिला ते सुकाणूला स्वतःचा शब्द कुठून आणणार? शिवाय आपला ऊ दीर्घ, त्यांचा उ ऱ्हस्व. त्यांच्यातला न आपल्याकडे नाहीच.

ऱ्हस्वदीर्घामुळे समोरचं पारडं जड आहे, मान्य. पण अर्थाकडे पाहा. बैल किंवा घोडे वळतात, दांडा वळतो, मागची गाडी त्याच्यामागे वळते. प्राचीन ग्रीक जहाजाचं सुकाणूही मागच्या अंगाला लावलेलं लांब वल्हंच होतं, म्हणजे पुन्हा दांडाच. गाडीवाली माणसं किनाऱ्याला आली तर होडीला गाडीचेच शब्द लावणार. जहाजाला वाट दाखवणारा पायलट पुढे विमानात जाऊन बसलाच ना? भावंडं नसतील, तर एकाच वाड्यात वाढलेली तरी असावीत.

आणि उसन्या शब्दावरून ग्रीकांना हसायचं आपल्याला कारण नाही. आपलं ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आलेलं, म्हणजे आपणही सुकाणू उसनंच घेतलं. घरचा शब्द होता कर्ण: संस्कृतात कानाबरोबर सुकाणूलाही कर्ण म्हणत, म्हणून ते धरणारा कर्णधार. जहाजाचा कान धरून त्याला वाटेवर ठेवणारा! आज तो नाणेफेकीला मैदानात उतरतो. कुबरनेटीसचं चोख मराठी भाषांतर ‘कर्णधार’च आहे, फक्त ते केलं तर आमच्या ऑफिसात क्रिकेटचा विषय निघेल.

शेवटची गंमत पुराणातली. कुबेराच्या मुलाचं नाव नलकूबर. नारदाच्या शापानं झाड झालेला आणि उखळाला बांधलेल्या बाळकृष्णानं सोडवलेला तो हाच. कूबर कुबेराच्याच घरात लपला होता, आणि आमची पोरं त्याला बापाच्या नावानं हाका मारत होती.

मागच्या महिन्यात चाचणीसाठी नवं क्लस्टर उभं केलं, तेव्हा नाव द्यायची पाळी माझी होती. मी ‘युगंधर’ टाकलं. शेजारचा मुलगा खूश झाला. म्हणाला, “सर, आमच्या आईची आवडती कादंबरी.” त्याला अमरकोश मी अजून दाखवलेला नाही.