भाड्याच्या खोलीतला रेडिओ

रेडिओचा इतिहास सांगताना लोक फ्रिक्वेन्सी, परवाना, पहिलं प्रसारण यांवर भरभरून बोलतात. खोली कुणाची होती, हे कुणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या फोर झेडझेडझेड या कम्युनिटी रेडिओची गोष्ट मात्र खोलीशिवाय सांगताच येत नाही.

८ डिसेंबर १९७५ला हे स्टेशन सुरू झालं. जागा होती क्वीन्सलंड विद्यापीठाच्या सेंट लुसिया कॅम्पसवर, विद्यार्थी संघटनेने दिलेली. पहिलं गाणं वाजलं ‘द हू’ या बँडचं ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’. म्हणजे, आता पुन्हा फसणार नाही! राज्याचे प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद) तेव्हा जो बियेल्के-पीटरसन होते. १९७७मध्ये त्यांच्या सरकारने रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांवर बंदी घातली. पोरं तरीही मोर्चे काढत आणि पोलीस त्यांना गाडीत कोंबत. त्या काळात ‘झेड’ ऐकणं म्हणजे सरकारला न आवडणाऱ्या बातम्या आणि इतर स्टेशनं हात लावणार नाहीत अशी गाणी ऐकणं. खर्च निघायचा श्रोत्यांच्या वर्गणीतून आणि गाण्यांच्या कार्यक्रमांतून.

डिसेंबर १९८७मध्ये बियेल्के-पीटरसन गेले. पोलिसांच्या भ्रष्टाचाराची चौकशी सुरूच होती. कुणालाही वाटलं असतं, सुटलो एकदाचे. आणि बरोबर वर्षभराने, १४ डिसेंबर १९८८ला, स्टेशनला बाहेर काढलं गेलं. काढलं कुणी? सरकारने नाही, पोलिसांनीही नाही. ज्या विद्यार्थी संघटनेने जागा दिली होती, तिनेच. संघटनेच्या निवडणुकीत उजव्या विचारांचे लोक निवडून आले होते. मला या सगळ्या इतिहासात हेच जास्त खुपतं. एवढ्या दांडग्या सरकारपुढे टिकलेलं स्टेशन घरमालक बदलल्यावर रस्त्यावर आलं.

वाचलं ते एका गोष्टीमुळे: जागा गेली, परवाना गेला नाही. आपल्याकडे हा फरक फार महत्त्वाचा आहे. भारतात २००२मध्ये कम्युनिटी रेडिओची दारं उघडली ती फक्त शिक्षणसंस्थांसाठी. स्वयंसेवी संस्थांना २००६पर्यंत थांबावं लागलं. त्यामुळे आपली कितीतरी स्टेशनं आजही कॅम्पसवर आहेत. स्टुडिओही संस्थेचा, परवानाही संस्थेचाच. उद्या संस्थेचं मन बदललं, तर कार्यक्रम करणाऱ्यांच्या हातात हेडफोनसुद्धा उरणार नाही.

‘झेड’ने १९८९मध्ये टूवाँग या उपनगरात बिऱ्हाड केलं. तीही तात्पुरतीच सोय होती. मग १९९२मध्ये त्यांनी फोर्टिट्यूड व्हॅलीत, बॅरी परेडवर चक्क इमारत विकत घेतली. इमारत कुणाची, तर ऑस्ट्रेलियाच्या कम्युनिस्ट पक्षाची! पक्ष १९९१मध्ये विसर्जित झाला होता. खासगी मालमत्तेच्या विरोधात हयात घालवलेल्यांनी मागे ठेवलेली मालमत्ता एका बेघर रेडिओला मिळाली, यावर हसावं की काय करावं!

स्टेशन अजून तिथेच आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंती भडक रंगांच्या चित्रांनी भरल्या आहेत. भाड्याच्या खोलीत साधा खिळा ठोकायचा तरी आधी मालकाला विचारावं लागतं.