‘ते का मेले?’ : एका प्रश्नाचा इतिहास

अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : ‘युरोपीयांनी आणलेल्या रोगांविरुद्ध त्यांच्यात प्रतिकारशक्ती नव्हती.’ वसाहतकालीन साहित्य शिकवताना आम्हीही ते वर्गात अनेकदा उच्चारले आहे. हे वाक्य सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती सहजता तपासली पाहिजे, असे आम्हांला आता वाटते.

प्रथम त्यामागील विज्ञान पाहू. १९५८ मध्ये फ्रेंच संशोधक जाँ दॉसे यांनी मानवी रक्तातील पांढऱ्या पेशींवरील एका खुणेचे वर्णन केले. पुढे अशा खुणांची मालिकाच हाती लागली आणि तिला ‘एचएलए’ हे नाव पडले. या कार्यासाठी दॉसे यांना १९८० चे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसह मिळाले. एचएलए ही पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने होत. आत शिरलेल्या विषाणूचे तुकडे ती बाहेर आणून दाखवतात. ते पाहूनच संरक्षक पेशी शत्रू ओळखतात. प्रथिनाचे एक रूप काही तुकडे उत्तम दाखवते, तर काही त्याला दाखवताच येत नाहीत. या जनुकांची ३५ हजारांहून अधिक रूपे आज नोंदली गेली आहेत. या विविधतेचा खरा लाभ समूहाला होतो. कारण नवा रोग आला तरी सगळेच सारखे हतबल ठरत नाहीत.

येल विद्यापीठातील फ्रान्सिस ब्लॅक यांनी १९९२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच आधारावर एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते, ‘ते का मेले?’ त्यांचा युक्तिवाद असा : अमेरिकेतील मूळ समाजांत एचएलएची रूपे तुलनेने थोडी आहेत. एका शरीराशी जुळवून घेतलेल्या विषाणूला पुढचे शरीरही तसेच भेटले, तर त्याचे काम सोपे होते. त्या लोकांची प्रतिकारशक्ती दुबळी होती, असे ब्लॅक म्हणत नव्हते. ती एकमेकांसारखी होती, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आमच्या वर्गातील वाक्यात नेमका हा भेद पुसला जातो.

आणखीही एक गोष्ट पुसली जाते. ‘मरणे’ हे क्रियापद अकर्मक आहे. त्यात मारणारा कोणी असावा लागत नाही. येथे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील १८६२ ची देवीची साथ आठवावी. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून रोग व्हिक्टोरिया शहरात पोहोचला. शहराबाहेर उत्तरेकडील त्सिमशियन, हैडा इत्यादी लोकांच्या वस्त्या होत्या. अधिकाऱ्यांनी त्यांना तेथून हुसकावले, झोपड्या जाळल्या; रोगाची लागण झालेले लोक होड्यांतून किनाऱ्याने गावी परतले आणि साथ शेकडो मैल पसरली. देवीची लस तेव्हा साठ वर्षांहून अधिक जुनी होती.

त्याच वर्षी विल्यम डंकन या मिशनऱ्याबरोबर काही त्सिमशियन कुटुंबे फोर्ट सिम्प्सन सोडून मेटलाकाट्ला येथे राहावयास गेली. डंकनने लोकांना लस टोचली. शिवाय ही वस्ती इतरांपासून दूर राहिली. तेथे मोजकेच मृत्यू झाले; फोर्ट सिम्प्सनला शेकडो. दोन्हीकडचे लोक एकाच समाजाचे, एकाच रक्ताचे. जनुकांनी हा फरक समजावता येत नाही.

या दोन वस्त्यांतील वंशजांच्या सहकार्याने झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स रूपर्ट बंदराच्या परिसरातील प्राचीन अवशेषांतील जनुके आजच्या लोकांच्या जनुकांशी ताडून पाहण्यात आली. एका एचएलए जनुकाची जी रूपे प्राचीन लोकांत जवळजवळ सर्वांमध्ये होती, ती आज सुमारे ३६ टक्क्यांत उरली आहेत. जुन्या, स्थानिक रोगांशी झुंजताना जे उपयोगी पडले असावे, तेच नव्या रोगांपुढे बहुधा अडचणीचे ठरले. म्हणजे या लोकांच्या संरक्षणव्यवस्थेलाही स्वतःचा इतिहास होता. ती कोरी पाटी नव्हती.

हा प्रश्न भूतकाळापुरता नाही. अस्थिमज्जा रोपणासाठी रुग्णाचे व दात्याचे एचएलए जुळावे लागते. अमेरिकेतील दाता-नोंदवहीविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला उत्तम जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती. दक्षिण किंवा मध्य अमेरिकी मूळ असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाला ती केवळ १६ टक्के होती. आफ्रिकी वंशाच्या लोकांत एचएलएची विविधता अधिक असल्याने जुळणी कठीण जाते, हे खरे. पण नोंदवहीत कोणाची नावे किती आहेत, हे जनुके ठरवीत नाहीत.

म्हणून ते वाक्य आम्ही वर्गातून हद्दपार करणार नाही. त्याच्या पुढे फक्त दोन प्रश्न जोडू : लस कोणाजवळ होती, आणि झोपड्या कोणी जाळल्या?