२१ डिसेंबर १९३२ : अमीन सयानी यांचा जन्म

रेडिओ निवेदक अमीन सयानी यांचा जन्म मुंबईचा. आई कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. अमीनभाईंची सर्वांना कळणारी साधी हिंदुस्थानी या घरातलीच. माहितीमंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली त्या काळात, ३ डिसेंबर १९५२ रोजी, 'बिनाका गीतमाला' ही अमीनभाईंची चित्रपटगीतांची मालिका सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत, प्रसारण कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून. पहिल्याच भागाला ९,००० पत्रे आली. पुढे बुधवारची रात्र या आवाजाचीच झाली. श्रोत्यांना साद घालताना आधी बहिणी, मग भाऊ. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. गीतमालेच्या १९५३च्या वार्षिक यादीत 'अनारकली'तले सी. रामचंद्रांचे गीत पहिले आले. ते गाणाऱ्या लता मंगेशकर दहा वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये नोकरीला होत्या. सिनेमावेड्या या गावाला गीतमाला जवळची वाटली नसती तरच नवल! २००९ मध्ये अमीनभाईंना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.