कोलू पाटलाच्या पाळीवर

नवेगावबांधच्या पाळीवर उभे राहा आणि समोरचं एकेक पुसत चला. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा पुसा. 1975 चं राष्ट्रीय उद्यान पुसा, नावा पुसा, डांबरी रस्ता पुसा. आता तुम्ही अठराव्या शतकाच्या आरंभी आहात आणि पायांखालची पाळ अजून अर्धीच झाली आहे.

बायका-पुरुष डोक्यावरून मातीच्या टोपल्या आणताहेत. माती पडली की ती तुडवून घट्ट करायची आणि पुढचा थर द्यायचा. भोवती डोंगरांची रांग आहे. या सात बहिणी. बांध घालायला त्यांनीच हात लावला, असं गावकरी पुढे सांगतील. पाणी चढेल तेव्हा मधली मालडोंगरी बेट होऊन राहील. काम करवून घेणारा माणूस म्हणजे कोलू पाटील, जातीनं कोहळी. त्याच्या मागे लोक त्याला कोलासुर देव म्हणून पुजतील.

"कोन्या गावचे जी तुमी?" कुणीतरी विचारतं. उत्तर द्यायची घाई नको. आधी हे लोक इथं कसे आले ते ऐका. चांद्याचा गोंड राजा काशीला गेला, तिथं कोहळ्यांचं तलाव बांधण्याचं कसब त्यानं पाहिलं आणि त्यांना आपल्या मुलखात आणलं, अशी त्यांच्यातली परंपरा. गोंड राजांचा व्यवहारही रोकडा होता. जंगल तोडून तलाव बांधा आणि त्याच्या पाण्याखालची जमीन कसा. चंद्रपूरकडच्या गावांच्या नावांत 'तुकुम' दिसतो, तो अशाच देणगीचा. माझ्या मते झाडीपट्टीतली सगळ्यात शहाणी राजाज्ञा हीच. पाळ फुटली तर आपलंच धान बुडेल, हे ज्याला कळतं तो पाळ फुटू देत नाही.

आता दीडशे वर्षं पुढे या. नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं आहे, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आहे. हिवाळ्याचे दिवस आहेत. तलावाखालच्या बांध्यांतलं धान निघालं आहे आणि पलीकडे कोहळ्यांचा ऊस उभा आहे. बैल घाण्याभोवती फिरतात, रस कढईत पडतो, चुलाणातल्या धगीनं तुमचा चेहरा तापतो. हातावर गरम गूळ ठेवला तर नाही म्हणू नका. कोहळ्याची दोन कसबं, तलाव आणि ऊस. पहिलं नसेल तर दुसरं नाही, कारण ऊस उन्हाळाभर पाणी मागतो.

याच सुमारास गावोगाव मोजणी चालली आहे. लॉरेन्सचा भंडारा जिल्ह्याचा बंदोबस्त अहवाल 1867 चा. या बंदोबस्तानं सारा गोळा करणारा पाटील मालगुजार झाला, म्हणजे गावाचा मालक. मालकी आली तसं गाव गहाण टाकणं आणि विकणंही आलं. किती गावं पुढे सावकारांच्या हाती गेली! पाळ बांधणाऱ्याच्या नातवाला जी आच होती, ती कर्जात गाव घेणाऱ्याला कुठून असणार?

शतकाच्या शेवटाकडे बाजारात उभे राहा. कोहळ्याच्या गुळाशेजारी मोरस साखर आली आहे. समुद्रापलीकडच्या त्या मॉरिशस बेटावर 1834 पासून हिंदुस्थानातले गिरमिटिये ऊस तोडताहेत, त्यांत कोकणातले मराठी लोकही आहेत. तिथल्या मळेवाल्यांची साखर जहाजातून इथं उतरते आणि भंडाऱ्यातला घाणा मंदावतो. त्यातच 1896-97 चा दुष्काळ, आणि धड सावरायच्या आत 1899-1900 चा. 1901 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

1951 चा मार्च. मध्य प्रदेश सरकारच्या कायद्यानं मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. कुळांच्या मानेवरचं ओझं उतरलं. पण तिच्याबरोबर गावोगावचे तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची राखण करणारा कुणी उरला नाही. पूर्वी पावसाळ्याआधी गाव जमून पाट उपसायचं, पाळीवर माती टाकायचं. आता तलाव सरकारचा, मग माती सरकारनं टाकावी, असं गाव म्हणू लागलं. सरकारनं पाण्यावर कर मागितला, तेव्हा आमच्या आजोबांनी बांधलेल्या पाण्याचे पैसे कसले, असा सवाल शेतकऱ्यांनी केला. त्या सवालात चूक काय होती? वाद चालत राहिला आणि तलाव गाळानं भरत गेले.

आता परत या. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. कितीतरी उथळ झालेत, कितींच्या बुडीत क्षेत्रात अतिक्रमणं आहेत. ढिवरांची मासेमारी त्यांच्यावरच चालते, रोवणीनंतर पाऊस दडला तर धानही त्यांच्यावरच जगतं. म्हणून साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूरच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या तलावाचं मूळ क्षेत्र किती होतं, ते तलाठ्याकडच्या जुन्या नकाशात बघा. आज किती उरलं ते चालून बघा. आणि पुढच्या ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव मांडताना ढिवरांना आणि पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला सोबत घ्या.