नोकरीचा दाखला आणि राज्यांतर : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

अमुक व्यक्ती अमुक कचेरीत अमुक काळ अमुक वेतनावर नोकरीस होती, एवढेच सांगणारा दाखला हा दप्तरातील सर्वांत रूक्ष लेखप्रकार होय. इतिहासकार त्याकडे सहसा वळत नाही. परंतु राज्य बदलते तेव्हा याच चार ओळींवर माणसाची ज्येष्ठता, वेतन आणि निवृत्तिवेतन अवलंबून राहते. हैदराबाद संस्थानातून मुंबई राज्यात आलेल्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

‘दाखला’ हा शब्द अरबी धातूवरून आला असून त्याच्या मुळाशी ‘आत शिरणे’ हा अर्थ आहे. जे दप्तरात दाखल झाले त्याचीच साक्ष दाखला देतो. म्हणजे मूळ नोंद आधी, पत्र नंतर. ती नोंद ज्या भाषेत, ज्या कालगणनेत आणि ज्या नाण्यात झाली असेल, ती भाषा, ती गणना आणि ते नाणे दाखल्यातही उतरतात.

संस्थानात फारसीची जागा उर्दूने घेतली ती १८८० नंतरच्या दशकात. पुढे १९१९ च्या फर्मानान्वये सरकारी नोकरी मुख्यतः ‘मुलकी’ इसमांसाठी राखली गेली. जो जन्माने संस्थानचा प्रजाजन, किंवा जो पंधरा वर्षे कायम वास्तव्य करून मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापूर्वक सांगेल, तो मुलकी. त्यामुळे ‘हा कोण?’ याचा दाखला ‘याने काय काम केले?’ याच्या दाखल्याआधी आवश्यक ठरला. येथे एक शब्दगत भेद ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई इलाख्याच्या मराठीत ‘मुलकी’ म्हणजे महसुली वा दिवाणी कारभारासंबंधीचा. हैदराबादेत मात्र ‘मुलकी’ म्हणजे त्या भूमीचा, ‘गैरमुलकी’च्या उलट. एकच शब्द एका बाजूस खाते दाखवी, तर दुसऱ्या बाजूस माणसाचे मूळ.

‘तालुकदार’ या पदनामाची स्थितीही अशीच आहे. सर सालारजंग यांच्या १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर अव्वल तालुकदार हा जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी झाला. मुंबई राज्यात त्याच दर्जाच्या अधिकाऱ्यास कलेक्टर म्हणत. उलट गुजरात आणि अयोध्येकडे ‘तालुकदार’ हा शब्द जमीनदारास लावीत. केवळ शब्दावर विसंबणाऱ्या वाचकास दाखल्यावरील सही जिल्हाप्रमुखाची आहे की एखाद्या जमीनदाराची, हे कळण्यास मार्ग नव्हता.

कालगणनेचा प्रश्न याहून नाजूक. संस्थानच्या दप्तरात फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे फारसी महिने चालत. वर्षाचा आरंभ ऑक्टोबरात होई. १३४६ फसली म्हणजे १९३६ च्या ऑक्टोबरापासूनचे वर्ष. दक्षिणेत अन्यत्र फसली वर्ष उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या सुमारास सुरू होत असे. सनाचा आकडा एकच असला तरी मधल्या महिन्यांत दोन्ही गणनांत एका वर्षाचे अंतर पडे. ज्या नोकरीत एका वर्षाने निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो वा हुकतो, तेथे हे अंतर क्षुल्लक मानता येत नाही. वेतनाचेही तसेच. हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे कलदार सहा. म्हणून ‘सत्तर रुपये’ असे लिहिलेला दाखला, नाण्याचा उल्लेख नसल्यास, साठ रुपयांच्या जागी सत्तरांचा भास निर्माण करी. ‘हाली’ म्हणजे चालू. मराठीतील ‘हल्ली’ त्याच घराण्यातला. जे एका काळी ‘हल्लीचे’ होते ते दुसऱ्या काळात दुर्बोध झाले, हा या शब्दाचा उपरोध होय.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे विभाजन झाले. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११५ ने केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीवाचून सेवाशर्ती कर्मचाऱ्यांच्या अहिताच्या दृष्टीने बदलता येणार नाहीत, असा बंध घातला. परंतु हक्क कायद्याने मिळाला तरी तो सिद्ध करावयाचा दाखल्यानेच. त्याच दिवशी बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले, तर बिदर हे जिल्ह्याचे ठाणे म्हैसूर राज्यात गेले. या तालुक्यांतील कर्मचाऱ्याची नोकरी एका राज्यात आणि पूर्वीचे जिल्हा कार्यालय दुसऱ्या राज्यात, असा प्रसंग त्यामुळे उद्भवला.

महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ चा राजभाषा अधिनियम पुढे आला. पदनामांना मराठी प्रतिशब्द मिळाले. पण प्रतिशब्द पुढच्या कारभाराची सोय करतो, मागील नोंदीचा अर्थ आपोआप लावीत नाही. त्यासाठी मूळ पदनाम, त्याचे प्रत्यक्ष कर्तव्य, सनाची गणना आणि नाणे ही चारही स्पष्ट नोंदविणारा लेखनिकच लागतो.

१९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एखाद्याच्या पहिल्या दाखल्यावर एक नाव आणि शेवटच्यावर दुसरे असते. माणूस तोच, कचेरीही बहुधा तीच. ही एकता दप्तरास आपोआप दिसत नाही. ती कोणीतरी लिहून ठेवावी लागते. त्या एका ओळीच्या अभावी आयुष्यभराचे काम अप्रमाणित राहू शकते, हाच या रूक्ष लेखप्रकाराचा इतिहासाला सांगावा आहे.