कानस, लॉकवायर आणि चार इंजिनं

अंगठी काढून ठेवा. घड्याळही काढा, आणि गळ्यात साखळी असेल तर तीही. शिडीवरून उतरताना अंगठी कुठल्या खिळ्याला अडकली तर बोट जातं. खिशातली चिल्लरसुद्धा लॉकरमध्ये ठेवा, कारण इंजिनाच्या तोंडाजवळ वाकल्यावर खिशातून घरंगळलेलं एक नाणं आतल्या पात्यांची वाट लावायला पुरतं.

साल १९७२, मे महिना. तुम्ही अठरा वर्षांचे आहात. सांताक्रूझला लोकलमधून उतरून, बसला लोंबकळत कालिन्यापर्यंत आला आहात आणि एअर इंडियाच्या हँगरच्या दारात उभे आहात. अंगावरचा नवा बॉयलर सूट अजून कडक आहे, मानेला घासतोय. पहिला श्वास घ्या. रॉकेलसारखा उग्र वास म्हणजे विमानाचं इंधन. त्यात तापलेलं रबर, ग्रीस, रंगाचा थिनर आणि कुठून तरी येणारा चहाचा वास. छपराखाली सकाळी आठलाच घाम सुटतो.

विमानाला हात लावायला मिळेल असं वाटतंय? थांबा. आधी हातात येतो लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस. ठोकळा व्हाइसमध्ये आवळा आणि घासा. सहाही बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनात. गुण्या लावून तो खिडकीसमोर धरायचा, गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की मास्तर एवढंच म्हणतात, "उजेड येतोय रे. परत घे." तुम्ही परत घेता. तळव्याला फोड येतात, ते फुटतात, तिथे घट्टे पडतात. दुपारी डबा उघडून पोळीचा तुकडा मोडता, तर बोटांना साबणानेही न गेलेला लोखंडाचा वास असतो. हे आठवडेच्या आठवडे चालतं. कंटाळू नका. हात पुढे ढकलताना कानस वर-खाली डुलायची थांबते, तो दिवस कोणाला सांगावा लागत नाही, तुमच्या खांद्यालाच कळतो.

मग एके दिवशी हँगरच्या आत पाठवतात आणि समोर बोइंग ७०७ उभं असतं. इथल्या ७०७ ना हिमालयातल्या शिखरांची नावं आहेत: नंदादेवी, अन्नपूर्णा. भोवती मचाण बांधलंय, झाकणं उघडी आहेत, आतल्या नळ्या आणि तारा बाहेर दिसताहेत. माणसं पंखांवर आहेत, पोटाखाली आहेत, शेपटीपाशी चढली आहेत. आणि आवाज! रिव्हेट मारायला दोघं लागतात, एक बाहेर हवेची गन धरणारा आणि दुसरा आत लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीला दाबून बसलेला. आतली जागा अरुंद असते, म्हणून तिथे सडपातळ पोराला पाठवतात. म्हणजे तुम्हाला. गुडघे छातीशी, घामाने डोळे चुरचुरताहेत, बाहेरून गन सुरू होते आणि दात, बरगड्या, कवटी सगळं एकदम थरथरतं. बाहेर आल्यावर थोडा वेळ कोणी काय बोलतंय ते फक्त ओठांवरून समजून घ्यायचं.

जांभळ्या द्रवापासून जपा. तो स्कायड्रॉल. चाकं आत घ्यायला, ब्रेक लावायला जो दाब लागतो तो यातून जातो. तो सहज पेटत नाही म्हणून विमानात वापरतात, पण रंग सोलवटतो आणि कातडीवर पडला तर आग आग होते. डोळ्यात उडाला तर भरपूर पाण्याने धुवायचा, आणि मग जुनी माणसं एरंडेलाचा थेंब घालतात. आजीच्या फडताळातलं एरंडेल बोइंगच्या शेजारी बघून तुम्हाला बरं वाटतं, हे मला माहीत आहे.

या सगळ्यात माझ्या सर्वांत आवडीचं काम लॉकवायरचं. बोल्ट नुसता आवळून भागत नाही. विमानाच्या थरथरीने तो हळूहळू सैल होतो. म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक पोलादी तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टाला अशा बाजूने बांधायची की एक सैल व्हायला लागला तर तार दुसऱ्याला घट्टच करेल. वेणीसारखा एकसारखा पीळ पडला पाहिजे. सैल पडला तर कापा, जास्त पडला तर तार तुटते, तरीही कापा. तारेचं टोक बोटात घुसतं. रक्त पुसा आणि ते टोक आत वळवा, पुढच्या माणसाचं बोट वाचेल. कापलेले तुकडे मोजून खिशात घाला. जमिनीवर एकही नको.

कारण इथे सगळं मोजलं जातं. टूल स्टोअरमध्ये तुमच्या नंबरचा पितळी बिल्ला दिल्याशिवाय पाना मिळत नाही, आणि पाना परत दिल्याशिवाय बिल्ला मिळत नाही. पाळी संपताना एक पाना कमी भरला तर कोणी घरी जात नाही. बॅटऱ्या घेऊन सगळे पुन्हा पंखात, पोटात, चाकांच्या कप्प्यात शिरतात. विमान थांबतं, शेवटची लोकल गेली तरी थांबतं. या कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा विमानातल्या चहाच्या रंगापासून स्वच्छतेपर्यंत बारीकसारीक गोष्टींवर टिपणं लिहितात, हे हँगरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाना शोधणारी माणसं अध्यक्षांसाठी शोधत नाहीत. मला त्यांचा मोठेपणा तिथे दिसतो.

रात्रपाळीला बाहेर चला. युरोपची विमानं रात्रीच सुटतात. टर्मिनलपाशी एका प्रवाशामागे दहा नातेवाईक, हार, रडारड, कुणाच्या तरी पिशवीतून येणारा लोणच्याचा वास. तुम्ही मात्र पंखाखाली आहात. दिवसभर तापलेल्या डांबराची धग बुटाच्या तळव्यातून येतेय. डोक्यावर सुमारे ९०,००० लिटर इंधन भरलं जातंय. टाकीच्या तळाशी काचेची बरणी धरून थोडं काढायचं आणि दिव्यासमोर बघायचं. पाणी जड असतं, ते तळाशी बसतं. बरणी स्वच्छ दिसेपर्यंत काढत राहायचं. पलीकडे सम्राट अशोक उभं आहे, वर्षभरापूर्वी आलेलं ७४७, खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेलं. अठरा चाकं! मान दुखेपर्यंत बघा, पण हातातली बरणी सांडू नका.

आता इंजिन सुरू करायची वेळ. ७०७ मध्ये त्यासाठी स्वतःची हवा नसते. जमिनीवरच्या गाडीतून जाड नळीने ती द्यावी लागते. तुम्हाला आगीचा बंब घेऊन इंजिनाच्या बाजूला, ठरलेल्या अंतरावर उभं केलंय. पुढे गेलात तर ओढले जाल, मागे गेलात तर भाजाल. आधी घरघर, मग शीळ, मग पोटात घुमणारा आवाज. एकामागून एक चारही इंजिनं. नळी काढली, चाकांना लावलेले चोक काढले. वैमानिक वरून हात करतो आणि तुमच्या अंगावरून जळक्या इंधनाचा गरम झोत जातो.

त्या विमानाच्या नोंदवहीत तुमचं नाव नाही. तपासलं, ठीक आहे, असं लिहून सही करतो तो परवानाधारक इंजिनिअर. तो परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालकांच्या लेखी आणि तोंडी परीक्षा दिल्यावरच मिळतो. त्याचा अभ्यास आजच सुरू करा. पाना जमा करा, बिल्ला घ्या, पुस्तक काखोटीला मारा. पहाटेच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते.