अंबर, चंदन आणि रोशा

सुगंधी द्रव्यांच्या दुकानांत हल्लीं एका जातीच्या कुपीस मोठी मागणी असते. कुपी उघडतांच प्रथम गुलाबाची किंवा लिंबाची हलकी झुळूक येते. घटकाभरानें ती विरते आणि मागें उरतो तो जुन्या लांकडाचा, डिंकाचा, किंचित् मधुर असा ऊबदार वास. अंगरख्यावर तो दुसऱ्या दिवशींहि रेंगाळतो. कुपीवर ‘अंबर’ हें नांव असतें आणि हा गंध स्त्री व पुरुष दोघांसाठीं आहे असेंहि छापलेलें असतें. विकणारा ही गोष्ट मोठी नवलाई म्हणून सांगतो. ती नवलाई कितपत खरी, हें आपल्या इतिहासाच्या आणि विशेषतः यवतमाळ जिल्ह्याच्या आधारें पाहण्याचा येथें विचार आहे.

मराठी वाचकास अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. सुगंधाचें अंबर मात्र अरबींतून आलें. समुद्रांतील एका दांताळ देवमाशाच्या आंतड्यांत तें तयार होतें आणि वर्षानुवर्षें लाटांवर तरंगून त्याचा उग्रपणा गेल्यावर किनाऱ्यास लागतें. आज भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें त्याचा व्यापार गुन्हा ठरतो. शिवाय आजच्या कुपींतील अंबराचा या माशाशीं बहुधा संबंध नसतो. भूमध्य समुद्राकांठच्या एका झुडपाचा चीक, लोबान आणि व्हॅनिला यांच्या मिश्रणासच गंधी अंबर म्हणतात. शब्दांची अशी सरमिसळ आपल्याकडेहि झाली आहे. अरबींत ‘ऊद’ म्हणजे अगरु, तर आपल्या घरांत ऊद जाळतात तो लोबान होय.

या अंबराची आणि यवतमाळची गांठ एका जुन्या ग्रंथांत पडते. १५९६ सालीं चांदबिबीनें वऱ्हाड अकबरास सोडून दिलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत पूर्ण झालेल्या अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत ‘योत-लोहारा’ नांवाचा एक परगणा नोंदला आहे. हेंच आजचें यवतमाळ. लोहारा हें गांव शहरास लागूनच आहे. त्याच ग्रंथांत बादशहाच्या सुगंधखान्याचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. दरबार अंबर आणि अगरु यांनीं सतत दरवळत असे आणि सोन्यारुप्याच्या धुपाटण्यांत रोज धूप जळत असे, असें अबुल फजल सांगतो. अंबर कोठून येतें याविषयींचीं अनेक मतेंहि तो देतो. कोणी तें समुद्राच्या तळाशीं उगवतें म्हणत, कोणी माशाच्या पोटांतून निघतें म्हणत. स्वतः अबुल फजलनें मात्र तें मेण आहे हें मत पत्करलें! एवढा चिकित्सक पुरुष चुकला, आणि ज्यांचें म्हणणें त्यानें बाजूस सारलें त्यांतच सत्याचा अंश होता, हें मोठें मौजेचें आहे.

मोगलांच्या फार पूर्वीं, ६ व्या शतकांत, वराहमिहिरानें ‘बृहत्संहिते’ंत गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला. १६ द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० मिश्रणें होतात आणि त्यांचीं प्रमाणें व क्रम बदलल्यास १,७४,७२० गंध सिद्ध होतात, असें गणित त्यानें मांडलें. आपल्या भाषेचाहि या शास्त्रांत वांटा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ सालीं ‘गंधवाद’ नांवाच्या एका पोथीचा परिचय करून दिला. तिच्यावर मराठी टीका आहे आणि गोड्यांनीं तिचा काळ १३५० ते १५५० यांच्या दरम्यानचा ठरविला. म्हणजे सुगंध कसा सिद्ध करावा हें मराठींत लिहून ठेवणारा कोणी जाणता पुरुष तेव्हां होता.

परंतु पोथ्यांहून बलवत्तर पुरावा आपल्या घरांत आहे. तो म्हणजे अत्तरदाणी. लग्नाच्या बैठकींत पुरुषांच्या मनगटावर जें अत्तर लावीत, तेंच माजघरांत हळदीकुंकवास आलेल्या बायकांच्या हातास लागे. अत्तर-गुलाब आणि पानसुपारी यांवांचून समारंभाची सांगता होत नसे. अत्तरदाणी एकच आणि तिच्यांतील फाया एकच. खस, हिना, चंदन यांपैकीं अमुक बाप्याचें आणि अमुक बाईचें असा विचार तो लावणाऱ्याच्या मनांतहि येत नसे. गंध ऋतूप्रमाणें बदले. उन्हाळ्यांत खस आणि थंडींत हिना, हाच काय तो भेद.

वासांची स्त्री-पुरुषांत वांटणी ठळक झाली ती युरोपांत, १९ व्या शतकांत. फुलांचे गंध बायकांकडे गेले. लांकूड, तंबाखू, चामडें यांचे गंध पुरुषांकडे आले. ती कुंपणें तेथेंहि पक्कीं नव्हतीं. पॅरिसच्या गेरलाँ पेढीनें १८८९ सालीं काढलेलें ‘जिकी’ दोघांनींहि वापरलें. तिचेंच १९२५ चें ‘शालिमार’ अंबरप्रधान असून त्यास मोगली बागेचें नांव दिलें होतें. पुढें १९९४ सालीं अमेरिकेंत ‘दोघांसाठीं’ म्हणून एक सुगंध मोठ्या गाजावाजानें विकला गेला. जें आपल्या माजघरांत कधीं वेगळें झालेंच नव्हतें, तेंच एकत्र केल्याचा हा सोहळा होता.

आतां यवतमाळच्या रानाकडे वळूं. येथील खडकाळ डोंगरांवर सालई उभी असते. तिच्या डिंकाचा धूप होतो. संस्कृत ग्रंथांतील सल्लकी ती हीच. सागवनाच्या मोकळ्या उतारांवर रोशा गवत उगवतें. त्यास तिखाडी असेंहि म्हणतात. त्याच्या मोतिया जातीच्या तेलास गुलाबासारखा वास येतो. वऱ्हाड-खानदेशांत पावसाळा सरतां सरतां, गवत फुलावर आलें कीं तें कापून ओढ्याकांठच्या भट्ट्यांत तेल काढीत. घरोघरीं तें सांध्यांस चोळण्यासाठीं असे. परंतु त्याचा मोठा भाग मुंबईच्या बंदरांतून तांबड्या समुद्रामार्गें इस्तंबूलकडे जाई आणि तेथें गुलाबाच्या मौल्यवान् तेलांत मिसळला जाई. युरोपच्या बाजारांत त्यास ‘तुर्की जिरेनियम’ असें नांव पडलें. १८७१ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर जेकबसेन यांनीं याच हिंदी तेलांतून एक सुवासिक द्रव्य वेगळें काढलें, तें ‘जिरेनिऑल’. आज जगांतील असंख्य सुगंधांत तें असतें. तेल आमच्या रानांतलें आणि नांव तुर्कांचें, अशी ही कथा आहे. भट्टीच्या धुरांत डोळे चोळीत बसणाऱ्याचें नांव तर कोठेंच उरलें नाहीं.

अंबर आणि चंदन यांच्या मोहाचें कारण समजण्यास अवघड नाहीं. फुलाफळांच्या गंधाचे कण हलके असल्यामुळें लवकर उडून जातात. लांकूड व डिंक यांचे कण जड असल्यामुळें सावकाश सुटतात. म्हणूनच अत्तर करणारे चंदनतेलाच्या बैठकीवर फुलांचा अर्क उतरवीत. पण शास्त्रापलीकडेहि कांहीं आहे. या गंधांत देवघरांतील सहाणेचा, तिन्हीसांजेच्या धुपाचा, आजीच्या लांकडी पेटींतील शालूचा आणि आजोबांच्या शालजोडीचा वास एकवटलेला असतो. त्यांतील कोणता वास आजीचा आणि कोणता आजोबांचा, हें लहानपणीं आपणांस कधीं सांगतां आलें होतें काय?

नवी कुपी घरीं आणण्यास आमची हरकत नाहीं. मात्र ती उघडतांना पहिली गुलाबी झुळूक आली, तर ती एखाद्या परदेशच्या बागेंतलीच असेल असें धरून चालूं नये. कदाचित् ती आपल्याच माळावरच्या गवताची असेल.